टेलिक्स कोणत्याही डिरेक्टरीतून कसं चालवायचं? डॉसच्या काळातल्या दोन ओळींची गोष्ट

इंटरनेट घरोघरी येण्याआधी कम्प्युटर थेट फोनलाइनवरून एकमेकांशी बोलत. १९७८ मध्ये शिकागोत वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्युस यांनी पहिला बुलेटिन बोर्ड, म्हणजेच बीबीएस, सुरू केला. अशा बोर्डांना मॉडेमवरून फोन लावण्यासाठी जी सॉफ्टवेअर वापरली जात, त्यांपैकी एक लोकप्रिय नाव म्हणजे १९८६ मध्ये आलेलं टेलिक्स.

अडचण नेमकी काय?

समजा, टेलिक्स 'सी:\टेलिक्स' या डिरेक्टरीत आहे आणि तुम्ही दुसऱ्याच डिरेक्टरीत काम करताय. तिथे 'टेलिक्स' टाइप केलं, तर डॉस 'असा कमांड किंवा फाइल नाही' या अर्थाचा इंग्रजी संदेश दाखवून मोकळं होतं. कारण डॉस आधी सध्याच्या डिरेक्टरीत शोधतं आणि मग 'पाथ'च्या यादीत. टेलिक्सची डिरेक्टरी दोन्हीकडे नसेल, तर प्रोग्राम सापडणार कसा?

फक्त पाथ पुरेसा नाही

पाथमध्ये डिरेक्टरी जोडली की प्रोग्राम सुरू होतो. पण पाथ फक्त चालवता येणाऱ्या फाइल शोधतो, म्हणजे कॉम, ईएक्सई आणि बॅट. मॉडेमची सेटिंग आणि फोन नंबरांची यादी असलेल्या टेलिक्सच्या फाइल त्यात बसत नाहीत. त्यामुळे प्रोग्राम उघडतो, पण जमवलेले नंबर मात्र गायब! खरं तर ते जागेवरच असतात. ते कुठे ठेवलेत, एवढंच प्रोग्रामला माहीत नसतं.

उपाय: दोन ओळी

कम्प्युटर सुरू होताना आपोआप चालणाऱ्या 'ऑटोएक्झेक.बॅट' फाइलमध्ये हे बदल करायचे :

१. पाथच्या आधीच्या ओळीच्या शेवटी अर्धविराम देऊन 'सी:\टेलिक्स' जोडा. नवी ओळ लिहून जुनी यादी पुसू नका, नाहीतर बाकीचे प्रोग्राम सापडेनासे होतील.

२. खाली 'सेट टेलिक्स=सी:\टेलिक्स' ही ओळ लिहा (प्रत्यक्षात रोमन अक्षरांत). टेलिक्स हीच नोंद वाचून आपल्या फाइल कुठे आहेत ते ओळखतं.

मग कम्प्युटर पुन्हा सुरू करा.

इथे चुका होतात

- बरोबरच्या चिन्हाआधी जागा सोडली, तर डॉस ती जागाही नावाचाच भाग धरतं आणि टेलिक्सला नोंद सापडत नाही.
- विंडोज सुरू करणारी ओळ फाइलमध्ये असेल, तर या ओळी तिच्या आधी हव्यात. नंतर लिहिल्या तर विंडोजमधून बाहेर पडेपर्यंत त्या चालतच नाहीत.
- अशा नोंदींसाठी डॉस मोजकीच मेमरी राखून ठेवतं. ती संपल्याचा संदेश आला, तर 'कॉन्फिग.सिस'मधल्या 'शेल'च्या ओळीत '/ई:५१२' लिहून जागा ५१२ बाइट करता येते.

आज याचा उपयोग काय?

जुन्या कम्प्युटरचे शौकीन आजही डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये असे प्रोग्राम चालवतात. डॉसबॉक्स इंटरनेट जोडणीलाच मॉडेम असल्याचं भासवतं. तिथे याच ओळी त्याच्या सेटिंग फाइलमधल्या 'ऑटोएक्झेक' विभागात लिहायच्या. आणि आजच्या विंडोजमध्येही पाथ आहेच, अगदी त्याच अर्धविरामांसह. एखादं नवं टूल इन्स्टॉल करूनही 'कमांड सापडत नाही' असं दिसलं, तर सगळ्यात आधी पाथ तपासा.