नदीकाठच्या शाळेतलं घर

काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या टीमबरोबर कोलाडला राफ्टिंगला गेलो होतो. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट चढवून आम्ही काठावर तयार उभे होतो. गाइड मात्र नदीकडे बघायचं सोडून घड्याळाकडे बघत होता. "अजून पाणी सुटलं नाही," तो म्हणाला.

कुंडलिकेवरचं राफ्टिंग वरच्या जलविद्युत प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर चालतं. भिऱ्याला वीज तयार होते, पाणी खाली येतं आणि मग नदीला जीव येतो. हे पाणी मूळचं मुळशीचं. शंभर वर्षांपूर्वी ज्या धरणात मावळातली गावं बुडाली आणि ज्याच्याविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तेच मुळशी. हे सगळं मी कधीतरी वाचलं होतं, पण लाटेवर ओरडताना त्यातलं काहीच आठवलं नाही.

त्या ट्रिपनंतर मला कयाकिंगचे व्हिडिओ बघायचा नाद लागला. बघता बघता रश स्टर्जेस या अमेरिकन कयाकरपर्यंत पोचलो, त्याच्यामुळे त्याच्या आईवडिलांपर्यंत आणि त्यांच्यामुळे एका नदीपर्यंत. गोष्ट त्या नदीची आणि तिच्या काठावर शाळा चालवणाऱ्या एका घराची आहे.

कॅलिफोर्निया म्हटलं की आपल्याला सॅन होजे आणि ऑनसाइट आठवतं. पण हे कॅलिफोर्निया राज्याच्या पार उत्तरेला आहे, क्लॅमथ पर्वतरांगांत. तिथे सॅल्मन नावाच्या नदीचे दोन फाटे एकत्र येतात. त्या संगमावरच्या वस्तीचं नावच 'फोर्क्स ऑफ सॅल्मन'. एक पोस्ट, एक छोटी शाळा आणि डोंगरात विखुरलेली घरं. तिथे जाणारा रस्ता बऱ्याच ठिकाणी एकाच गाडीपुरता आहे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली हिरवट पाणी. तिथून तीसेक किलोमीटर वाहून सॅल्मन मोठ्या क्लॅमथ नदीला मिळते आणि क्लॅमथ पुढे पॅसिफिक महासागराला.

सॅल्मन नदीवर एकही धरण नाही. १९८१ मध्ये तिला अमेरिकेच्या 'वाइल्ड अँड सीनिक रिव्हर्स' कायद्याचं संरक्षण मिळालं. इथे पाणी कधी येणार, हे कुठलंही वीजघर ठरवत नाही. बर्फ वितळला की नदी फुगते, उन्हाळा सरत आला की उतरते.

याच सुमारास, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, पीटर आणि क्रिस्टी स्टर्जेस या जोडप्याने इथे 'ऑटर बार' नावाचं लॉज आणि कयाकिंगची शाळा सुरू केली. आठवडाभर येऊन राहायचं, घरच्यासारखं चांगलंचुंगलं जेवायचं आणि दिवसभर नदी शिकायची. गट लहान ठेवायचे, म्हणजे प्रत्येकावर शिक्षकाची नजर राहते.

अशी शाळा त्याच काळात निघाली, त्याला एक तांत्रिक कारणही आहे. आधीच्या कयाक फायबरग्लासच्या असायच्या. खडकावर आपटली की बोट फुटायची आणि शिकणाऱ्याचे आठवडे दुरुस्तीत जायचे. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच टॉम जॉन्सन यांनी डिझाइन केलेली साच्यातली प्लॅस्टिकची कयाक बाजारात आली. आपल्या पाण्याच्या टाक्या जशा साच्यात फिरवून बनवतात, साधारण तसंच तंत्र. ही बोट आपटली तरी फुटत नव्हती. नवशिक्याला चुका करणं परवडू लागलं, आणि चुका परवडतात तिथेच शाळा चालते.

ऑटर बारला शिकणाऱ्याची सुरुवात नदीत होत नाही. आधी तळं. तिथे 'रोल' शिकायचा: बोट उलटली, डोकं पाण्याखाली गेलं, तरी बाहेर न पडता वल्हं फिरवून आणि कमरेला झटका देऊन पुन्हा सरळ व्हायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण पाण्याखाली उलटं लटकलेल्या माणसाला सगळ्यात आधी डोकं वर काढावंसं वाटतं, आणि नेमकं तेच करायचं नसतं. डोकं सगळ्यात शेवटी वर यायला हवं. आधी कंबर, मग धड, मग डोकं.

आमच्या कंपनीत कोणी नोकरी सोडली की 'केटी' होतं, म्हणजे नॉलेज ट्रान्स्फर. दोन मीटिंग, एक डॉक्युमेंट, विषय संपला. रोलचं असं केटी होत नाही. कोणीतरी छातीभर पाण्यात तुमच्याशेजारी उभं राहावं लागतं, तुमची बोट धरून, पुन्हा पुन्हा.

हा रोल मुळात ग्रीनलंडच्या आणि आर्क्टिकच्या इन्युइट शिकाऱ्यांचा. बर्फाळ समुद्रात बोटीतून बाहेर पडणं म्हणजे मरण, म्हणून ही विद्या बापाकडून मुलाकडे जात राहिली. १९२७ मध्ये ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पावलाटा याने प्रवासवर्णनांतली माहिती वाचून एका तळ्यात हा रोल जमवला, आणि तो युरोपात पसरला. तिथून तो अमेरिकेत गेला, क्लबांत गेला, शाळांत गेला, आणि सुट्टी काढून पैसे भरून येणाऱ्या लोकांपर्यंत पोचला. एका आदिवासी समाजाचं ज्ञान जगभर फिरलं. हा प्रवास लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

रोल जमला की नदी. खडकामागे पाणी उलटं वरच्या दिशेला वळतं, त्या शांत जागेला 'एडी' म्हणतात. एका एडीतून निघायचं, प्रवाह ओलांडायचा, दुसरीत शिरायचं. प्रत्येक ठिकाणी थांबून पुढचं बघायचं. नदी वाचायची म्हणजे हेच.

रश या घरात वाढला. त्याची शाळा आणि अंगण, दोन्ही म्हणजे नदीच. पुढे तो नावाजलेला कयाकर झाला आणि कयाकिंगच्या फिल्म बनवू लागला. त्याची २०१५ ची 'चेसिंग नायगारा' ही फिल्म मला सगळ्यात लक्षात राहिली. मेक्सिकोचा राफा ऑर्तिझ नायगारा धबधब्यावरून कयाक घेऊन उडी मारण्याची वर्षानुवर्षं तयारी करतो. आणि शेवटी उडी मारत नाही. काठावरून परत फिरतो. ज्या काळात प्रत्येक रील 'केलंच!' म्हणून संपते, त्या काळात 'नाही केलं' यावर संपणारी फिल्म करायला धाडस लागतं. मला ते धाडस थांबून पुढचं बघायला शिकवणाऱ्या नदीचं वाटलं.

इथपर्यंत ही एका हौशी, सुखी कुटुंबाची गोष्ट आहे. पण नदी या घराच्याही फार आधीपासून वाहते आहे.

सॅल्मन जिथे क्लॅमथला मिळते, त्या परिसरात काटिमीन आहे. कारुक लोकांच्या दृष्टीने ते जगाचं केंद्र. जवळच्या इशी पिशी धबधब्यावर कारुक माणसं आजही परंपरेने जाळी टाकून मासे धरतात, आणि कयाकिंग करणाऱ्यांनी तिथे बोटी नेऊ नयेत असा संकेत आहे. १८५० मध्ये या डोंगरांत सोनं सापडलं आणि खाणकामगार लोंढ्याने आले. १८५१ मध्ये सरकारी प्रतिनिधींनी कारुकांशी करार केला. अमेरिकेच्या सेनेटने तो आणि कॅलिफोर्नियातले असे आणखी १७ करार नामंजूर केले, आणि वर ती कागदपत्रं १९०५ पर्यंत गुप्त ठेवली. कारुकांची बहुतेक जमीन सरकारी जंगल झाली. काटिमीनच्या परिसरातली सुमारे १,२०० एकर जमीन त्यांना परत देणारा कायदा व्हायला २०२३ साल उजाडलं.

सोनं संपल्यावर इथे वेगवेगळी माणसं येत राहिली. १९६८ मध्ये फोर्क्स ऑफ सॅल्मनच्या परिसरातल्या एका ओसाड खाणीवर हिप्पी तरुणांनी ब्लॅक बेअर रँच नावाचं कम्यून थाटलं. ऑटर बारही याच ओळीतलं, बाहेरून येऊन नदीच्या प्रेमात पडलेल्यांचं. प्रेम खरं असलं तरी एक प्रश्न उरतोच. आठवड्याची फी भरून येणारा पाहुणा नदी वाचायला शिकतो. मग जिच्या काठावर ज्यांचे पूर्वज हजारो वर्षं राहिले, त्यांच्या मुलांना ती कोण देतं?

त्या मुलांच्या वाट्याला आलेली क्लॅमथ आजारी होती. १९१८ पासून पुढच्या साधारण साडेचार दशकांत तिच्यावर विजेसाठी चार धरणं उभी राहिली. सॅल्मन मासा समुद्रातून आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परत येतो. त्याची वाट त्या भिंतींपाशी संपली. साठलेलं पाणी गरम झालं, त्यात शेवाळ माजलं. २००२ च्या सप्टेंबरात खालच्या क्लॅमथमध्ये तीस हजारांहून जास्त मासे मेले. सॅल्मन नदीवर धरण नाही, ती धरणांच्या खालच्या बाजूला मिळते. पण तिच्याकडे येणाऱ्या माशालाही आधी क्लॅमथच्याच पाण्यातून यावं लागतं. दर उन्हाळ्यात लोक वेटसूट घालून, पाण्यात तोंड बुडवून सॅल्मन नदी पोहत उतरतात आणि वसंतात येणारे मासे एकेक करून मोजतात. एकेकाळी हजारोंनी येणारा मासा असा मोजता येतो, यातच सगळं आलं.

२००२ नंतर युरोक, कारुक, हूपा आणि क्लॅमथ लोकांनी धरणं हटवण्यासाठी मोर्चे काढले, कंपनीच्या दारात ठाण मांडलं, वर्षानुवर्षं सुनावण्यांना गेले. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये परवानगी मिळाली. २०२३ मध्ये पहिलं धरण गेलं आणि २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत उरलेली तिन्ही. काम संपल्यावर काही दिवसांतच सॅल्मन मासे जुन्या भिंतींच्या वर दिसले.

पण नदी मोकळी झाली, तर तिच्यावरून आधी कोण जाणार? जगभरचे पट्टीचे कयाकर तयारच होते. 'पॅडल ट्रायबल वॉटर्स' हा उपक्रम २०२२ मध्येच, धरणं पडायच्या आधी, सुरू झाला तो यासाठी. या खोऱ्यातल्या आदिवासी मुलामुलींना कयाकिंग शिकवायचं, म्हणजे मोकळ्या नदीवरून उगमापासून समुद्रापर्यंत पहिले तेच जातील. 'रियोस टू रिव्हर्स' या संस्थेच्या या उपक्रमामागच्या लोकांत रश स्टर्जेस होता, आणि मुलांचा सराव ज्या पाण्यांवर झाला त्यांत सॅल्मनही होती. ज्या नदीने रशला वाढवलं, तिच्यावरच.

आता रोलचा तो प्रवास आठवा. इन्युइट बापाकडून मुलाकडे, तिथून पुस्तकांत, युरोपच्या तळ्यांत, अमेरिकेच्या शाळांत. आणि आता त्या शाळांतून घडलेल्या माणसांच्या हातून पुन्हा आदिवासी मुलांकडे. हे लोक वेगळे, समुद्र वेगळा. रेडवूडचं खोड कोरून होड्या करायची युरोकांची कला तर स्वतंत्रच आहे. त्यामुळे 'विद्या मूळ मालकाकडे परतली' असं मी म्हणणार नाही. स्टर्जेस घराने नदी वाचवली, असंही नाही. ती वाचवली ती वीस वर्षं लढलेल्या लोकांनी. पण लढून मिळालेल्या नदीत उतरायला जे अंगात भिनलेलं लागतं, ते चाळीस वर्षं कोणीतरी तळ्याच्या पाण्यात उभं राहून जपलं होतं. वेळ आली तेव्हा ते द्यायला माणसं जवळ होती.

१२ जून २०२५ ला मुलं ओरेगॉनमधल्या उगमाकडून निघाली. शंभर वर्षं पाण्याखाली बुडालेल्या रॅपिडवरून ती गेली. वाटेत आणखी मुलं सामील होत गेली. सुमारे ५०० किलोमीटर आणि एक महिना. ११ जुलैला ती क्लॅमथच्या मुखाशी, वाळूच्या पट्ट्यावर पोचली. तिथे घरची माणसं वाट बघत होती.

प्रवासाच्या सुरुवातीच्या टप्प्यात त्यांना बोटींतून उतरावं लागलं होतं. क्लॅमथवर वरच्या बाजूला अजून दोन धरणं शिल्लक आहेत, लिंक रिव्हर आणि कीनो. तिथे मुलांनी कयाक उचलल्या, भिंतीला वळसा घालून चालत गेली आणि पलीकडे पुन्हा पाण्यात उतरली.