शेवटच्या कडव्यातील वामन

चौदा एप्रिलच्या रात्री महाराष्ट्रातील कोणत्याही वस्तीतील गायनाच्या कार्यक्रमात एक गोष्ट हमखास घडते. गायक कोणीही असो, चाल कोणतीही असो, ढोलकीवर थाप पडते, हार्मोनियमचा सूर चढतो आणि गाणे संपत आले की अखेरच्या ओळींत एक नाव येते : वामन. ते गायकाचे नाव नसते. पुष्कळ तरुण श्रोत्यांना ते कोणाचे हेही ठाऊक नसते. तरी ते गाण्यात इतके घट्ट विणलेले असते की उसवून काढता येत नाही.

हे वामन म्हणजे वामन तबाजी कर्डक, महाराष्ट्राला परिचित असलेले वामनदादा. जन्म १५ ऑगस्ट १९२२, नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे गाव. मृत्यू १५ मे २००४. कंपनीचा करार न करता स्वतः लिहिणाऱ्या, स्वतः चाल लावणाऱ्या आणि स्वतः गाणाऱ्या कलावंताला आज ‘इंडी’ म्हणण्याची पद्धत आहे. वामनदादांनी हा व्यवसाय सुमारे साठ वर्षे केला. फरक एवढाच की त्यांच्यासाठी स्वातंत्र्य ही निवड नव्हती. दारावर येणारी कंपनीच नव्हती.

त्यांच्या बालपणाचा भूगोल ध्यानात घ्यावा लागतो. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा हा मुलगा सात वर्षांचा होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू धर्मात न मरण्याची घोषणा केली, तेव्हा तेरा वर्षांचा. इतिहास असा उंबरठ्याशी घडत होता. पण पोराच्या हाती गुरांमागची काठी होती, पाटी नव्हती. पुढे पोटासाठी मुंबई. कोळशाच्या वखारीतले काम, फुटकळ वस्तूंची विक्री, गिरणगावाच्या आसपास मिळेल ती मजुरी. शिवडीच्या चाळींत राहत असताना ते समता सैनिक दलात आले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अधिक सांगितली जाणारी घटना याच काळातली आहे. चाळीतल्या कोणी एकाने आलेले पत्र वाचून दाखवायला त्यांच्या हाती दिले. त्यांना वाचता येत नव्हते. ती लाज जिव्हारी लागली आणि वयात आलेल्या या माणसाने देहलवी नावाच्या शिक्षकाकडून बाराखडी गिरवली. दुकानांच्या पाट्या हे त्यांचे पुढचे पुस्तक. एका अर्थी वामनदादा हे मुंबईच्या रस्त्यांनी साक्षर केलेले कवी आहेत. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले. ते गंभीर नव्हते. विडंबनाच्या अंगाने गेलेली थट्टा होती. श्रोते हसले, आणि आपल्या शब्दांना माणसे प्रतिसाद देतात हे या नवसाक्षराला उमगले.

मात्र आंबेडकरी गाण्याची सुरुवात त्यांच्यापासून झाली असे समजणे चूक ठरेल. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा सांगाडा घेऊन त्यात नवा विचार भरण्याची रीत आधीच पाडली होती. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलशांनी तीच रीत गावोगाव नेली. त्यांतील अग्रणी भीमराव कर्डक. आडनाव एक आणि जिल्हाही एक, त्यामुळे दोघांची गल्लत नेहमी होते; परंतु भीमराव हे आधीच्या पिढीतले, आणि जलसा ही मंडळींची कला होती. तिला पात्रे लागत, संवाद लागत, तालमी लागत. वामनदादांच्या काळात हा डोलारा ओसरत गेला आणि त्याच्या जागी ‘गायनपार्टी’ आली : एक गायक, एक पेटी, एक ढोलकी, मागे साथ देणारे दोघेतिघे. चालींत लोकगीताचा बाज राहिला, कव्वालीचा ढंग शिरला, आणि सिनेमाच्या सुरांनाही बंदी राहिली नाही. ही छोटी मांडणी एस. टी. मध्ये बसू शकत होती, हे तिच्या प्रसाराचे अगदी साधे आणि फार कमी सांगितले जाणारे कारण आहे.

दुसरे कारण मात्र मोठे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञांनी जुने देव सुटले. आणि देवांबरोबर त्यांची गाणीही सुटली. गोंधळ, जागरण, देवीची पदे, खंडोबाची आळवणी, म्हणजे ज्या गाण्यांवर घरातली लग्ने, बारशी आणि रात्री उभ्या होत्या, ती सारी एका दिवसात परकी झाली. त्यानंतर अवघ्या त्रेपन्नाव्या दिवशी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. एका प्रचंड समाजाला शोक करायचा होता, सण साजरे करायचे होते, लेकींना सासरी पाठवायचे होते, आणि या कशासाठीच पुरेशी गाणी नव्हती. वामनदादांची हजारोंनी मोजली जाणारी रचना या पोकळीकडे पाहिल्याशिवाय समजत नाही. एक माणूस इतके का लिहितो, याचे उत्तर प्रतिभेत जितके आहे तितकेच मागणीत आहे. बुद्धपौर्णिमा, भीमजयंती, रमाई, नामकरण, मंगल परिणय, निवडणूक, मोर्चा : प्रत्येक प्रसंगाला गीत हवे होते, आणि ते उद्याच हवे होते.

साहजिकच यांतले बरेचसे प्रासंगिक आहे आणि काही सपाटही. त्यांचे मोठेपण दुसऱ्या प्रकारच्या गीतांत दिसते. एका गीतात त्यांनी देशातील बड्या उद्योगपतींची नावे घेऊन धनाच्या साठ्यात आमचा हिस्सा कुठे आहे असा रोकडा जाब विचारला आहे. दुसऱ्या एका प्रसिद्ध गीतात टीकेचा रोख आपल्याच लोकांकडे आहे : बाबासाहेबांच्या खऱ्या मताची मोजकी माणसे जरी असती, तरी चित्र वेगळे दिसले असते. जयंतीच्या मंडपात, वर्गणी काढून आपल्याला बोलावणाऱ्या मंडळासमोर, त्याच मंडळाला टोचणारे गीत गाणे सोपे नव्हे. बिदागी देणारा समोर बसलेला असतो. पण त्याच्याशिवाय दुसरा कोणी मालकही नसतो, म्हणूनच ते गीत गाता येते.

आता मुद्द्याचा प्रश्न. छापखाना नाही, ध्वनिमुद्रण कंपनी नाही, वकील नाही. मग गाणे कोणाचे हे ठरवणार कोण?

वामनदादांचे उत्तर जुने होते. मराठी कवितेने ते सातशे वर्षे वापरले आहे. नामदेवांपासून तुकोबांपर्यंत प्रत्येक संताने अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले. तिला नाममुद्रा म्हणतात. चौदाव्या शतकातील चोखामेळ्याचे अभंग, ज्याला देवळाची पायरीही ओलांडता आली नाही त्याचे, आजही त्याच्या नावावर आहेत ते मुद्रेमुळे. शाहिरांनी लावणीत आणि पोवाड्यात हीच रीत पाळली. मौखिक परंपरेत कागद हरवतो, पोथी जळते, पण शेवटची ओळ तोंडात राहते.

या युक्तीतली कारागिरी पाहण्यासारखी आहे. मुद्रा गद्यात लिहिलेल्या सहीसारखी तळाशी चिकटवलेली नसते. ती वृत्तात बसवलेली असते. ‘वामन’ या शब्दाच्या चार मात्रा. तो काढला तर ओळ लंगडते. त्याच्या जागी ‘दत्तात्रय’ घातले तर ताल चुकतो. आसपासचे यमक त्याच्याशी बांधले असेल तर चोराचे काम आणखी अवघड. अर्थात ‘मोहन’ नावाच्या चोराला हे कुलूप सहज उघडता येईल, कारण त्याच्याही मात्रा चारच. मुद्रा बदलून गाणे पळवण्याचा उद्योग मराठीला नवा नाही. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटातला सालोमालो नेमके हेच करतो, आणि प्रेक्षक हसतात. कारण त्यांना मूळ नाव माहीत असते. मुद्रेचे खरे संरक्षण वृत्तात नसून अशा जाणत्या श्रोत्यांत असते.

येथे एक विसंगती नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त जोतीराव फुल्यांनी बळीराजाला रयतेचा राजा मानले आणि त्याला पाताळात घालणाऱ्या वामनाला कपटी आक्रमक ठरवले. फुले–आंबेडकरी विचाराचा सर्वांत लोकप्रिय गीतकार तेच नाव घेऊन जन्माला आला आणि त्याने ते हजारो वेळा गाऊन बळीच्या बाजूला आणून ठेवले. पुराणातल्या वामनाचा असा पराभव दुसऱ्या कोणी केलेला नाही.

परंतु ही जुनी युक्ती नव्या यंत्रापुढे दुबळी पडली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. सात-आठ कडव्यांचे गीत तिच्यावर मावत नाही. कात्री लागतेच, आणि ती शेवटाला लागली तर कवीच कापला जातो. पुढे १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. भीमगीतांचा बाजार वस्तीवस्तीत पोहोचला, ही चांगली गोष्ट. पण वेष्टनावर छायाचित्र गायकाचे, ठळक नाव कंपनीचे, आणि गीतकार बारीक अक्षरांत, किंवा कित्येकदा नाहीच. वामनदादांची गीते गाऊन अनेकांनी नाव कमावले. ते मात्र शबनम खांद्याला लावून गावोगाव फिरत राहिले. मुक्काम कार्यकर्त्याच्या घरी, जेवण तिथेच, आणि निघताना हाती पडेल ती बिदागी. पहिला संसार टिकला नव्हता, एक लहान मुलगी दगावली होती. फिरतीच्या या जगण्याकडे त्याग म्हणून पाहण्याची सवय आहे. त्यात त्याग होताच; पण ज्या व्यवस्थेत गीतकाराला मोबदला पोहोचवण्याची वाटच नव्हती, तिचा हिशेब ‘त्याग’ या शब्दाखाली झाकला जातो.

‘लोककवी’ या गौरवाचेही तसेच आहे. गाणे लोकांचे झाले असे म्हणताच ते कोणा एकाचे होते हे विसरण्याची मुभा मिळते. ज्या समाजाला शतकानुशतके नावानिशी लिहू दिले गेले नाही, त्यातल्या माणसाच्या बाबतीत ही मुभा जरा जास्तच महाग आहे.

ते स्वतः याबाबत बेसावध नव्हते. पहिल्या गीतानंतर तब्बल तीस वर्षांनी, १९७३ मध्ये, ‘वाटचाल’ हा संग्रह आला. पाठोपाठ १९७६ मध्ये ‘मोहळ’. आणि १९७७ च्या संग्रहाचे नाव पाहा : ‘हे गीत वामनाचे’. शेवटच्या कडव्यातली मुद्रा उचलून थेट मुखपृष्ठावर आणली आहे. पत्र वाचता न आल्याने खाली मान घालणारा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर आपल्या मालकीची घोषणा छापील अक्षरांत करत होता. १९९३ मध्ये वर्धा येथे पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरले, त्याच्या अध्यक्षपदी वामनदादा होते. १९९६ मध्ये ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले.

तरीही छापले गेले ते एकूण रचनेच्या मानाने थोडे. बाकीची गीते कार्यकर्त्यांच्या वह्यांत, दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीच्या फुटपाथवर विकल्या जाणाऱ्या स्वस्त चोपड्यांत, आणि गायकांच्या तोंडी विखुरली. एकाच गीताचे दोन पाठ सापडावेत, त्यांत कडव्यांचा क्रम उलटसुलट असावा, हे अशा विखुरण्यात ओघानेच आले. संपादकाला अशा वेळी आधार उरतो तो पुन्हा मुद्रेचाच, आणि तोही बेताने घ्यावा लागतो. लोकप्रिय नावाखाली आपले गीत खपवणारेही असतात. तुकोबांच्या गाथेत प्रक्षिप्त अभंगांचा जो वाद आहे, तोच येथे विसाव्या शतकात, टेपरेकॉर्डर हाताशी असताना, नव्याने उभा राहिला.

कायदा या सगळ्या काळात अस्तित्वात होता. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने कृती आपली आहे असे सांगण्याचा हक्क लेखकाला दिला होता; हक्क विकला तरी तो सुटत नाही. ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नात गीतकाराला न सोडता येणारा वाटा देणारी दुरुस्ती मात्र २०१२ मध्ये आली. वामनदादांना जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. त्या हिशेबाने, ज्या गीतांना पुष्कळ जण आजच ‘पारंपरिक’ समजून गातात, त्यांवरील वामन कर्डक यांचा हक्क ३१ डिसेंबर २०६४ रोजी संपेल.