रेझियाची बोली : पुरावा व अनुमान

इटलीच्या ईशान्येस, ज्यूलियन आल्प्सच्या एका खोऱ्यांत, रेझिया नांवाची लहानशी नगरपालिका आहे. सान जोर्जो, न्यीवा, ओसेआक्को व स्तोल्विझ्झा हीं तिच्यांतील मुख्य गांवें. लोकांची बोली स्लाव्ह कुळांतील. मात्र गांवागांवांत उच्चारभेद आहे.

ह्या बोलीचें पहिलें शास्त्रीय विवेचन पोलिश पंडित बोदुएं द कुर्तने यांनीं १८७५ त प्रसिद्ध केलें. पुढें हेच कझान येथें तुलनात्मक व्याकरण व संस्कृत शिकवीत. त्यांनीं ह्या बोलींतील ख्रिस्ती धर्माची एक जुनी प्रश्नोत्तरीही छापविली, हें हस्तलिखितसंग्राहकांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

एका शब्दांतील स्वर परस्परांस अनुसरतात, हें पाहून त्यांनीं तेथें तुराणी मिश्रणाचें अनुमान केलें. उत्तरकालीन पंडितांस तें मान्य झालें नाहीं. निरीक्षण टिकलें, अनुमान गळालें.

संस्कृतांतील द्विवचन मराठीनें टाकिलें. ह्या बोलींत द्विवचन अद्यापि आढळतें. तथापि तेवढ्यावरून कोणाचा वंश ठरत नाहीं. आपली बोली स्लोव्हेनची शाखा कीं स्वतंत्र भाषा, ह्याविषयीं खुद्द रेझियांतच तीव्र मतभेद आहे. आमच्या मतें संशोधकानें आधीं गांववार उच्चार टिपावेत. निर्णयाची घाई करूं नये.