खाऱ्याच्या काठी गोडे पाणी

आम्हां पनवेलकरांना पाण्याचे दोन शेजार. एका अंगाला खाडी, भरतीला फुगणारी नि ओहोटीला चिखल दाखवणारी. आणि गावात तळी : वडाळे, कृष्णाळे, देवाळे. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. तेव्हा मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी होडीने याच खाडीतून पनवेलला येई आणि इथून घाटाची वाट धरी. इतिहासात पनवेलचे नाव राहिले ते या खाडीमुळे. पण होडीतून उतरलेला माणूस पहिल्याने काय मागत असेल? तांब्याभर पाणीच ना! ते खाडी कुठून देणार?

ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली ती मात्र पनवेलात नव्हे, अलिबागेच्या किनाऱ्यावर. गेल्या नाताळच्या सुट्टीत वर्गातली अकरा मुले घेऊन मी अलिबाग ते रेवदंडा अशी पायपीट केली. जाताना समुद्राकाठाने जायचे, येताना चौलावरून आतल्या रस्त्याने परतायचे, असा बेत होता. दिवस निवडला चतुर्थीचा. कोकणातले जुने गणित असे की तिथीला पाऊणपट करावे म्हणजे भरतीची वेळ निघते. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनला भरती आणि नऊला ओहोटी. पाऊणकीचे पाढे आता शाळेतून गेले. मुलांनी ते गणित वहीवर मांडले आणि खरे ठरते का ते पाहण्यासाठी माझ्या घड्याळावर डोळा ठेवला.

बरोबर नऊच्या सुमारास आम्ही ओल्या वाळूतून चालत कुलाबा किल्ल्यात शिरलो. शिवाजीमहाराजांनी १६८० साली, आयुष्याच्या अगदी अखेरीस, याचे काम सुरू करविले आणि संभाजीमहाराजांच्या कारकिर्दीत ते पुरे झाले. पुढे हे कान्होजी आंग्रे यांचे ठाणे झाले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कान्होजींवर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. मुलांना तटावरच्या तोफांचे कौतुक. मी त्यांना गणपतीच्या देवळापाशी नेले आणि तिथली पुष्करणी नि गोड्या पाण्याची विहीर दाखवली. चहूकडून समुद्र, दिवसातून दोनदा वाट बुडते, आणि पोटात गोडे पाणी! हे पाणी नसते तर तोफा असून किल्ला किती दिवस लढला असता?

मग चुंबकीय वेधशाळेवरून पुढे निघालो. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी ही वेधशाळा कुलाब्याहून अलिबागेस हलवली. तिची गोष्ट मोठी सुरस आहे. पण ती पुन्हा केव्हातरी.

खाडीवरचा पूल ओलांडला की आक्षी. इथला शिलालेख मराठी भाषेच्या इतिहासात मानाचा. शं. गो. तुळपुळ्यांनी त्यावरचा शक ९३४ असा वाचला, म्हणजे इसवी सन १०१२. तो मानला तर श्रवणबेळगोळच्या लेखाहूनही हा जुना ठरतो. सर्व पंडितांना तो मान्य नाही, आणि पंडितांचे भांडण सोडवणे हे माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराचे काम नव्हे. मला त्यातला मजकूर महत्त्वाचा वाटतो. शिलाहार राजा केशिदेव याच्या भइर्जू सेणुई नावाच्या प्रधानाने महालक्ष्मी देवीसाठी धान्य लावून दिले, असा तो आहे. म्हणजे या वाळूच्या पट्टीवर तेव्हा धान्य होते, देऊळ होते, वस्ती होती. समुद्राकाठी वस्ती कशाच्या जोरावर टिकली, याचे उत्तर आम्हांला पुढे नागावात मिळाले, आणि तेही तहानेने जीव कासावीस झाल्यावर.

दोन वाजले. भरती चढत होती आणि चालायला किनारा उरेना. मुलांजवळच्या बाटल्या केव्हाच रिकाम्या झालेल्या. लाटांनी आम्हांला हाकलत वाळूच्या उंचवट्यावर चढवले. त्यावर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे उगवणारी म्हणून हे नाव पडले असावे. वेल वाळू धरून ठेवते, मागे सुरूची झाडे वारा अडवतात, आणि त्याही मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. एका वाडीच्या बेड्यापाशी म्हातारी उभी होती. "पोरांनु, त्या पंपाचं नका पिऊ, खारट हाय. मास्तर, इकडं या," म्हणून तिने हाक मारली. जुन्या विहिरीचे पाणी तिने कळशीने काढून दिले. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि पाणी शहाळ्यासारखे गोड.

पंप शेजारच्या नव्या जागेत होता. तिथल्या मालकाने बंगल्यासाठी वाळूचा उंचवटा सपाट केला होता आणि खोल बोअर मारली होती. "आमच्या सासऱ्याच्या वेळेस रहाट होता. रेडा दमला की पाणी थांबायचं. आता यंत्र दमत नाय," म्हातारी म्हणाली.

तिच्या या वाक्यात अख्खे भूजलशास्त्र आहे. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खाली झिरपलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी खाऱ्यापेक्षा सुमारे एक चाळीसांशाने हलके. समुद्राच्या पातळीवर ते हातभर उभे असेल तर खाली चाळीस हातांपर्यंत त्याचा साठा असतो. पण हा हिशेब उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी हातभर उतरवली की खालचे खारे पाणी चाळीस हात वर सरकू पाहते. रहाट हळूहळू उपशी, तेवढ्यात वाळू पुन्हा झिरपत असे.

रेवदंड्याला पोचेतो पाच वाजले. पोर्तुगीजांच्या तटाच्या आत आज वाड्याच वाड्या आहेत. १५७०-७१ साली निजामशाहीच्या फौजेचा वेढा सोसलेले हे ठाणे १७४० साली मराठ्यांकडे आले. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौललाच उतरला. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. चौलचे बंदर टॉलेमीला ठाऊक होते. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मुंबई वाढली, आणि जहाजे दुसरीकडे वळली. पण माणसे उठून गेली नाहीत, ती वाड्यांपाशी राहिली.

शेवटी रामेश्वराच्या पुष्करणीवर येऊन बसलो. मुलांनी पाय पाण्यात सोडले. देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडे आहेत. पाऊस लांबला म्हणजे पर्जन्यकुंड उघडून पूजा करण्याची चाल गावात होती, एवढे मी मुलांना सांगितले. त्यावर एकाने विचारले, "गुरुजी, पंपाचं पाणी खारट झालं तर कुठलं कुंड उघडायचं?" मला उत्तर सुचेना. एस. टी. ची वेळ झाली हे निमित्त बरे पडले.

त्याच मुलाने नागावाहून दोन बाटल्या भरून आणल्या होत्या. एकीवर 'आजीची' आणि दुसरीवर 'पंपाची' अशा चिठ्ठ्या चिकटवून त्याने त्या वर्गाच्या कपाटावर ठेवल्या. दुसरीचे झाकण सैल होते. मार्चअखेर तिच्यातले पाणी खाली गेले आणि काचेवर पांढरे कडे उमटले. फराश तिला धुवायला निघाला तेव्हा मुलांनी त्याला हात लावू दिला नाही.