वासराचे ऋण

माझे शिक्षण कामगारांच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. मी शस्त्रक्रियेवर बोलावे, हे कित्येकांस धाडसाचे वाटेल. पण राबणाऱ्याची जखम कोण आणि कशाने शिवतो, हा प्रश्न माझ्याच धंद्यातला आहे. आपल्या सातारा-सांगलीच्या माळावरचा खिलार बैलही राबणाराच आहे.

जखमा शिवणे जुनेच. सुश्रुताने त्यासाठी ताग, जवस यांचे धागे, अश्मंतकाची साल, स्नायू आणि केस सांगितले. पुढे १८६८ च्या अखेरीस जोसेफ लिस्टर या इंग्रज शल्यवैद्याने एका वासराच्या मानेतील धमनी कार्बोलिक लावलेल्या तातीने बांधली. आतड्याची ही तात पिंजाऱ्याच्या धनुकलीलाही असते. महिन्याभराने पाहतो तो तातीच्या जागी सजीव तंतू आलेले त्याला दिसले. मान दिली वासराने. लाभ झाला माणसांच्या रुग्णालयांना.

पण जे धमनीला चालते ते कातडीला चालतेच असे नाही. तात शरीरात विरते, पण ती परकी असल्याने भोवती सूज येते. रेशमाची गाठ पक्की बसते. मात्र दिव्याची वात तेल ओढते तसे त्याचे पेड ओल आणि जंतू आत ओढतात. १९३५ साली अमेरिकेत जन्मलेल्या नायलॉनचा एकसंध धागा ओल ओढत नाही, कातडीही कमी चिडते. पण तो ताठ, गाठ निसटते. म्हणून गाठी जास्त माराव्या लागतात. शिवाय साधारण दहा ते चौदा दिवसांनी टाके काढावे लागतात.

आता विचार करा, डोंगरावरच्या वस्तीत टाके काढायला दुसऱ्यांदा कोण जाणार? तेथे १९७० नंतर रुळलेला, आपोआप विरणारा कृत्रिम धागा बरा. परंतु तो महाग. म्हणजे कोणता धागा उत्तम, हे जखमेइतकेच गोठा आणि दवाखाना यांमधल्या अंतरावरही ठरते.

सातारा जिल्ह्यात शिरवळला १९८८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला नाव आहे आजच्या सांगली जिल्ह्यातील येडे मच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचे. सरकार लोकांच्या दारी असावे, हे त्यांच्या प्रतिसरकारने दाखवले. उपचारही तसाच गोठ्याच्या दारी यावा. धागा केवळ कडा धरतो, मांस जनावर स्वतः भरते. तोवर त्याच्या मानेवर जू ठेवू नये. वासराचे ऋण फेडायचे, तर एवढे तरी करू या.