जिंकणं वेगळं, विकणं वेगळं

मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये डिमेट्रियस जॉन्सनइतका परिपूर्ण खेळाडू मी तरी पाहिला नाही. २०१२ ते २०१८ तो यूएफसीचा फ्लायवेट विजेता, किताब सलग ११ वेळा राखलेला. आणि २०१८ मध्ये बेन आस्क्रेनच्या बदल्यात त्याला चक्क वन चॅम्पियनशिपला देऊन टाकलं!

उलट कॉनर मॅकग्रेगर. २०१५ मध्ये जोझे आल्डोला १३ सेकंदांत लोळवलं, २०१६ मध्ये दुसरा किताबही घेतला, पण राखला एकही नाही. २०१७ मध्ये मेवेदरकडून बॉक्सिंगमध्ये हरला, तरी मालामाल.

आता गंमत बघा. मॅकग्रेगर लढतीआधी इतकं बोलायचा, की निम्मे लोक त्याचं थोबाड फुटलेलं पाहायलाच पैसे मोजायचे. जॉन्सन जिंकणार हे मात्र जवळपास ठरलेलंच. मग उत्सुकता कसली? निर्दोष काम लोकांना दिसतच नाही, हेच खरं दुखणं.

असो. माझं मत जॉन्सनलाच.