पाटी कुणाच्या गाडीला?

अमेरिकेत वाहननोंदणी राज्यांच्या अखत्यारीत येते, त्यामुळे लष्करी सेवेचा मान सांगणाऱ्या नंबर प्लेटही राज्यागणिक वेगळ्या. जखमी सैनिकाची वेगळी, युद्धकैद्याची वेगळी, युद्धात माणूस गमावलेल्या कुटुंबाची वेगळी. छातीवरची पदकं दाखवून मात्र त्या मिळत नाहीत. कागद लागतात, आणि त्यातला पहिला बहुधा डीडी-२१४, म्हणजे १९५० पासून चालत आलेला सेवामुक्तीचा दाखला.

सर्वांत काटेकोर नियम पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यातून वाचलेल्यांच्या पाटीचे. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांच्या कायद्यांत चक्क घड्याळ आहे : अर्जदार ७ डिसेंबर १९४१ रोजी हवाईच्या वेळेनुसार सकाळी ७:५५ ते ९:४५ या वेळात तिथे हजर हवा. तिथे म्हणजे पर्ल हार्बरमध्ये, ओआहू बेटावर किंवा किनाऱ्यापासून फार तर तीन मैलांवर. एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका त्या सकाळी सुमारे दोनशे मैल पश्चिमेला होती. तिच्यावरून पुढे निघालेली विमानं थेट हल्ल्याच्या गदारोळात येऊन पडली, काही पाडलीही गेली. त्यांतून वाचलेले वैमानिक नियमात बसतात. नौका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुमसत्या बंदरात शिरली. तिच्यावरचे खलाशी बसत नाहीत. नौका एकच, पण काही जण आत आणि बाकीचे बाहेर!

पर्पल हार्टची पाटी हवी तर आधी ते पदक हवं. त्याचं मूळ जॉर्ज वॉशिंग्टनने १७८२ मध्ये सुरू केलेल्या सन्मानचिन्हात आहे. १९३२ मध्ये तेव्हाचा लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थरच्या पुढाकाराने ते नव्या रूपात आलं. अट एकच, शत्रूच्या कारवाईत झालेली जखम. पण जखम म्हणजे काय? युद्धातून मनावर बसलेला आघात धरायचा का, यावर पेंटॅगॉनने बराच खल केला आणि तो या पदकासाठी चालणार नाही, असं २००९ च्या जानेवारीत जाहीर केलं. साहजिकच त्या जखमेची पाटीही नाही.

नियम घरातही डोकावतात. टेक्साससह काही राज्यांत सैनिकाच्या पश्चात त्याची खास पाटी पत्नीकडे राहू शकते, पण तिने पुन्हा लग्न केलं नाही तरच. नवऱ्याच्या जखमेचा मान बायकोच्या दुसऱ्या लग्नाने कसा पुसला जातो, हे कायदा सांगत नाही.

सगळ्यांत मोठा वाद टेक्सासातच झाला. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या सैनिकांच्या वंशजांच्या संघटनेने कॉन्फेडरेट झेंडा असलेली पाटी मागितली. राज्याच्या मंडळाने २०११ मध्ये ती नाकारली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८ जून २०१५ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला : पाटीवरचा मजकूर हे सरकारचं बोलणं, तेव्हा कोणता छापायचा हे सरकारच ठरवणार. आदल्याच रात्री चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली होती. व्हर्जिनियात तर तोच झेंडा असलेल्या पाट्या कोर्टाच्या आदेशाने आधीपासून रस्त्यावर होत्या. या हत्याकांडानंतर आणि निकालानंतर काही दिवसांतच त्या बंद करण्याची पावलं तिथल्या गव्हर्नरने उचलली.